अंगठ्याची खोटी साक्ष



२०२५-२६ च्या हंगामातली गोष्ट आहे. आमच्या एका कार्यकर्त्याची आई. वय सत्तरीच्या घरात, नावावर चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि धुऱ्याकडे घरच्यापुरती ज्वारी. कापसाचा चुकारा जमा झाल्याचे कळले तशी ती बाजाराच्या दिवशी बँकेत गेली. उसनवारी फेडायची होती, नातीची फी भरायची होती. खिडकीवर कळले की खात्यात ३०,००० रुपये कमी आहेत. पासबुक छापून घेतले, तर लागोपाठ तीन दिवस दहा-दहा हजार रुपये अंगठ्यावर काढल्याच्या नोंदी.

"मी तर कुठंच अंगठा लावला नाही," ती म्हणाली. साहेबांनी पडद्याकडे पाहिले. "अंगठा तुमचाच आहे, आजी. जुळल्याशिवाय पैसे निघतच नाहीत. मशीन काही खोटं बोलत नाही. घरात विचारा."

घरात विचारले. थोरल्याने धाकट्याकडे पाहिले, धाकट्याने थोरल्याच्या पोराकडे. धाकटी सून दोन दिवस जेवली नाही, कारण सासूला बँकेत नेण्याचे काम तिचेच असे. चोर कोण ते बँकेने शोधले नाही, मात्र चोर घरातच आहे असा निकाल एका वाक्यात देऊन टाकला. गेलेल्या पैशापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

पैसा तरी थोडा आहे का? या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. तो पुरता पदरात पडला असे धरले तरी ३०,००० रुपये म्हणजे जवळजवळ चार क्विंटल कापूस. बाईमाणसाने दिवसभर बोंडांशी झटून तीस-पस्तीस किलो वेचला तर बारा दिवसांची वेचणी. नांगरट, बियाणे, डवरणी, फवारणी वेगळीच. हा अग्रलेख आम्ही खरे तर कापसाच्या भावावर लिहायला घेतला होता. तो पुढच्या अंकात येईल. हाती आलेला पैसा हातात राहत नसेल तर भावाची भांडणे कशासाठी करायची?

मशीन खोटे बोलत नाही हे एकवेळ मान्य करू. पण ते सांगते तरी काय? काचेवर दाबलेल्या बोटाच्या रेघा साठवलेल्या रेघांशी जुळल्या, एवढेच. ते बोट कुणी दाबले, काय सांगून दाबायला लावले, किती रकमेला हो म्हटले, यातले काहीच मशीनला ठाऊक नसते. रबराचा ठसा की जिवंत बोट, याची पारख करणारी नवी पद्धत सुरू केल्याचे आधार प्राधिकरणाने २०२३ साली जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. पण ‘आजी, पहिल्यांदा लागला नाही, पुन्हा लावा’ म्हणून दुसऱ्यांदा लावून घेतलेला खरा अंगठा त्या पारखीला कसा कळणार? पहिला अंगठा शिल्लक बघायचा आणि दुसरा पैसे काढायचा, हे आजीला कुठून कळणार? अंगठा जुळणे ही एक गोष्ट आणि खातेदाराची संमती असणे ही दुसरी. बँकेच्या साहेबांनी या दोन्हींची गाठ मारली आणि त्या गाठीत आमचे घर अडकले.

आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना हा फरक चांगला कळत होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गावोगावी पसरले. त्या उठावात जीव घेण्याचा सोस नव्हता. रोख होता कागदांवर. जिथे कर्जरोखे हाती लागले तिथे ते जाळले आणि लोक घरी गेले. का? कारण खतावर नांगराची निशाणी दिसली की कोर्ट डोळे मिटून सावकाराचा दावा मंजूर करी. पन्नास देऊन शंभर लिहिले का, वाचून दाखवले का, फेडलेले वळते केले का, हे कुणी विचारत नव्हते. निशाणी तुझीच ना? मग झाले.

इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्याने कोर्टाला बजावले की खत पुढे आले म्हणून थांबू नका, व्यवहार पहिल्या दिवसापासून तपासा. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले गेले पाहिजे असे ठरवले. पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क दिला. त्या कायद्याने सावकारी सुधारली असा आमचा दावा नाही. सावकाराने त्यातूनही वाटा काढल्या. पण परक्या सरकारलाही एक गोष्ट मान्य करावी लागली होती, की निशाणीने व्यवहार सिद्ध होत नाही. दीडशे वर्षांनी निशाणी कागदावरून काचेवर गेली, आणि ही समज वाटेत कुठेतरी सांडली.

आता त्या अंगठ्याचे दिवसभरातले काम पाहा. स्वस्त धान्याच्या दुकानात रेशन उचलायला अंगठा. २०१८ पासून देशभर कृषी केंद्रात युरियाची बॅग घ्यायला अंगठा. २०२० सालच्या कर्जमुक्तीत आधार प्रमाणीकरणाला अंगठा. किसान सन्मानच्या ई-केवायसीला ओटीपी आला नाही तर अंगठा. आणि बँक मित्राच्या यंत्रावर पैसे काढायलाही तोच अंगठा. तिथे पिन नाही, ओटीपी नाही. बँकेचे नाव, आधारचा बारा आकडी नंबर आणि बोट, एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. ही सोय आपण मागितलेलीही नसते. खात्याला आधार जोडला की बहुतेक ठिकाणी ती आपोआप सुरू झालेली असते.

गोठ्याच्या फाटकाला, कोठीला आणि तिजोरीला एकच किल्ली लावणारा माणूस गावात वेडा ठरेल. त्यातून ती किल्ली अशी, की हरवली तरी कुलूप बदलता येत नाही. पासबुक गेले तर दुसरे मिळते, एटीएमचा नंबर फुटला तर नवा घेता येतो. अंगठा दुसरा कुठून आणायचा? आणि ही किल्ली आपण दिवसभर जागोजाग ठेवत असतो: चहाच्या पेल्यावर, मोटारसायकलच्या टाकीवर, तलाठ्याच्या टेबलावरच्या काचेवर.

आधारचे पहिले कार्ड आपल्याच राज्यात दिले गेले, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी. तेव्हा सांगितले होते की ही ओळख आहे. ज्याच्याजवळ कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल. ठीकच होते. पण ओळख वेगळी आणि किल्ली वेगळी. नाव चारचौघांत सांगायचे असते, दारावर लिहायचे असते. किल्ली कमरेला ठेवायची असते. एकाच वस्तूला दोन्ही कामे दिली की घरावरच्या पाटीनेच घराचे कुलूप उघडू लागते. हे कळायला कॉम्प्युटर शिकावे लागत नाही.

बरे, या किल्लीची नक्कल करणे किती अवघड आहे? २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीची खरेदीखते उतरवून घेतली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डे चालू केली, असे तपासात निघाले. त्याला कुणाच्या खात्यातून पैसेसुद्धा चोरायचे नव्हते. कंपनीने दिलेले महिन्याचे टार्गेट पुरे करायचे होते! २०२३ मध्ये कर्नाटकात याच वाटेने, म्हणजे खरेदीखतांवरचे ठसे उचलून, लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर संकेतस्थळावरचे ठसे झाकण्याची धावपळ झाली. एक खाते शेतकऱ्याचा अंगठा जगाला दिसेल असा ठेवते आणि दुसरे खाते त्याच अंगठ्याला तिजोरीची किल्ली मानते. या दोन खात्यांच्या साहेबांनी एकदा एकत्र बसून चहा घेतला असता तरी हे टळले असते.

ज्याची किल्ली आहे त्याचे मात्र कुलूप उघडत नाही, हा आणखी एक विनोद. कापूस वेचून, ज्वारी कापून, निंदणखुरपण करून ज्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्या, त्या बाया रेशनच्या दुकानात बोटे पुसून पुसून दहादा लावतात. मशीन म्हणते, ओळखत नाही. शहरात फाइली चाळणाऱ्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागतो. जो जितका जास्त राबला तितका तो मशीनला अनोळखी.

आता झेरॉक्सकडे वळू. वर्षभरात आपण आधारच्या किती झेरॉक्स वाटतो याचा कुणी हिशेब ठेवला आहे काय? पीक कर्जाला, सोसायटीला, विम्याला, ठिबकच्या अनुदानाला, पोराच्या दाखल्याला, सिमकार्डाला, लॉजवर मुक्कामाला. सही करून देतो, कशासाठी दिली ते लिहीत नाही. रद्दीच्या भावात विकलेल्या त्या कागदात तालुक्याच्या बाजारात भजी बांधून मिळाली तरी नवल वाटणार नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने एक पत्रक काढले, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार द्या. पत्रक अगदी शहाणपणाचे होते. दोन दिवसांत, २९ मे रोजी, केंद्र सरकारने ते मागे घेतले, कारण लोकांचा गैरसमज होईल! आणि लोकांना सल्ला काय दिला? आधार वापरताना नेहमीचा विवेक बाळगावा.

आम्ही नेहमीचा विवेक बाळगून पाहिला. आमच्या एका सहकाऱ्याने पीक कर्जाच्या अर्जाला झाकलेले आधार जोडले. खिडकीवरच्या बाबूने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "आकडे दिसत नाहीत, प्रिंट खराब आली आहे, दुसरी आणा." पेरणी तोंडावर होती. सहकाऱ्याने दुसरी आणली. पावसाने विवेकाला वेळ दिला नाही.

ओटीपीची गत याहून वेगळी नाही. बँकेचा संदेश येतो, ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेच्या माणसालाही सांगू नका. रेडिओवर तेच, पोलिसांच्या फलकावर तेच. आणि सेवा केंद्रात गेलो की खुर्चीवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "काका, ओटीपी आला असेल, सांगा." किसान सन्मानला सांगा, पीक विम्याला सांगा, शेतकरी ओळखपत्राला सांगा. २०२५ च्या हंगामात सरकारी खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याच्या हाताने केली, म्हणजे पुन्हा सांगा. कितीतरी घरांत आधारला जोडलेला नंबर पुण्याला कामावर असलेल्या पोराचा आहे. तो कंपनीत ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. बाप इकडे रांगेत उभा. पोरगा दुपारच्या सुट्टीत फोनवरून ओटीपी सांगतो, बाप तो मोठ्याने उच्चारतो, अख्खी रांग ऐकते.

केंद्रातल्या पोराला आम्ही दोष देत नाही. बहुतेक पोरे आपल्याच घरची आहेत आणि दिवसाला शंभर माणसांचे काम उरकतात. दोष नियम करणाऱ्याचा आहे. जो नियम पाळला तर काम होत नाही तो नियम माणूस मोडणारच, आणि एकदा मोडायची सवय लागली की ज्या दिवशी भामट्याचा फोन येतो त्या दिवशीही तोंडातून आकडे आपोआप निघतात. सरकारी काम वर्षभर ओटीपी सांगायची तालीम करून घेते, भामटा एकदाच परीक्षा घेतो. चोरी झाली की मात्र बँक तोच नियम काढून दाखवते: तुम्हाला सांगितले होते ना, कुणाला सांगू नका म्हणून? तेव्हा आमच्या मनात प्रश्न येतो, की हा नियम आमच्या पैशाच्या राखणीसाठी लिहिला आहे की बँकेच्या सुटकेसाठी?

नियम करणाऱ्यांचे हे लक्षण फक्त आपल्याकडचे नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, असा दंडक वर्षानुवर्षे जगभर चालला. शेवटी २०१७ साली अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने सांगितले की उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. लोक कंटाळून सोपा पासवर्ड ठेवतात. आमच्या माहितीतल्या एका संस्थेत तो अजूनही सचिवांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो. साऱ्या सभासदांना पाठ आहे.

गुप्तता कुणाची राखायची आणि कुणाची चव्हाट्यावर मांडायची, यातही असाच उलटा न्याय आहे. २०२० च्या कर्जमुक्तीत नावांच्या याद्या चावडीवर आणि बँकेच्या दारावर लागल्या. यादी लावणे गैर होते असे आम्ही म्हणत नाही. यादी नसती तर मधल्यामध्ये नावे गाळली गेली असती. पण थकबाकीदार शेतकऱ्याच्या दारात वसुलीची जीप उभी करायची, लिलावाची नोटीस चावडीवर डकवायची, यात कुणाला कधी संकोच वाटला नाही. बड्या थकबाकीदारांची माहिती मागितली तेव्हा हीच व्यवस्था एकदम हळवी झाली. बँका आणि ग्राहक यांच्यातले विश्वासाचे नाते आहे, गुपित फोडता येत नाही, असे रिझर्व्ह बँक सर्वोच्च न्यायालयापर्यंत सांगत होती. १६ डिसेंबर २०१५ रोजी न्यायालयाने तो बचाव फेटाळला. त्यानंतरही यादी बाहेर यायला वर्षे गेली. कोटींच्या कर्जाला पडदा आणि लाखाच्या कर्जाला चावडी. खासगीपणाचा हक्क हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. तो हक्क चावडीपर्यंत अजून पोचायचा आहे. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यात खासगी कंपनीला संमती मागायला लावले आहे. पण अनुदान किंवा लाभ देताना सरकारला वेगळी संमती मागायचे कारण राहिलेले नाही. आणि आमचा अंगठा जास्तीत जास्त वेळा मागते ते सरकारच.

आता त्या आजींच्या प्रकरणाकडे परत येऊ. आमच्या कार्यकर्त्याने शाखेत बसकण मारली, तेव्हा तिसऱ्या खेपेला त्या तीन व्यवहारांची वेळ आणि ठिकाण लेखी मिळाले. यंत्र दुसऱ्या जिल्ह्यातले, गावापासून दोनशे किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशीची वेळ होती सकाळी ११ वाजून २५ मिनिटे. आजींच्या लुगड्याच्या गाठीत रेशन दुकानाची पावती सापडली. तारीख तीच, वेळ ११ वाजून १० मिनिटे, अंगठा लावून पाच किलो धान्य उचलल्याची. म्हणजे आजी पंधरा मिनिटांत पिशवी घेऊन दोनशे किलोमीटर गेल्या! दोन्ही अंगठे एकाच आधारच्या दारातून तपासून गेले, दोन्हींना ‘जुळला’ असा दाखला मिळाला. गावातला कोणताही पोलीस पाटील या दोन कागदांकडे पाहून सांगेल की यातला एक खोटा आहे. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रणेला ते दिसले नाही, कारण ते पाहण्याचे काम तिला कुणी सांगितलेलेच नाही.

ठसा कसा चोरला गेला ते अजून कळलेले नाही. प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आहे. घरातले भांडण मात्र त्या पावतीने मिटले.

साहेब म्हणाले होते, "घरात विचारा." रिझर्व्ह बँक काय म्हणते? ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तिने व्यापारी बँकांना, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांना बजावले, की खातेदाराच्या संमतीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात खातेदाराची चूक सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. चूक बँकेची नसेल, खातेदाराचीही नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर खातेदाराला भुर्दंड नाही. १८७९ च्या कायद्यातली समज म्हणजे दुसरे काय होते? ती कागदावर परत आली आहे, खिडकीवर आलेली नाही. आणि तीन दिवसांची मुदत धरायची तर संदेश म्हातारीच्या हातात पडायला हवा, पुण्याच्या लॉकरमध्ये नव्हे.

आम्हाला यंत्र नको आहे असा कुणी अर्थ काढू नये. ज्या गावाहून बँक वीस किलोमीटर आहे तिथल्या निराधार बाईला बँक मित्राचे यंत्र हा मोठा आसरा आहे. ते काढून घ्या म्हणणारा तिचा दिवसाचा रोज बुडवेल. आमचे म्हणणे एवढेच की ही सोय ज्याने मागितली त्यालाच द्या, लेखी मागितल्यावर द्या. किती रकमेपर्यंत अंगठा चालेल ते खातेदाराला ठरवू द्या. म्हातारी म्हणेल महिन्याला हजार, तर हजार. त्यापुढे अंगठ्याबरोबर तिच्या मनातला एखादा आकडाही विचारा, म्हणजे किल्ली हरवली तर बदलता येईल. प्रत्येक व्यवहाराची छापील पावती हातात द्या. युरियाला आणि रेशनला अंगठा हवाच असेल तर त्या अंगठ्याने बँक उघडता कामा नये. आणि झाकलेले आधार घेणार नाही असे म्हणणाऱ्या कचेरीने ते लिहून द्यावे.

प्राधिकरणाने ठसे बंद करून ठेवण्याचे कुलूप दिले आहे, ते वापरा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जमत असेल त्याने जरूर वापरावे. पण ते लावायचे तर नंबर आधारला जोडलेला हवा, फोनवर ओटीपी हवा. आणि लावल्यावर रेशन आणि युरियाचा अंगठाही बंद. दर वेळी थोड्या वेळापुरते उघडायचे, पुन्हा लावायचे. चोराच्या भीतीने मालकालाच अंगणात झोपवण्यातला हा प्रकार आहे. त्यापेक्षा शाखेत साधा अर्ज द्यावा: माझ्या खात्यावरील आधार-अंगठ्याचे व्यवहार बंद करावेत. काही बँका असे बंद करून देतात. नाही म्हटले तर नकार लेखी मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या नंबरवर फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले कुणाला आठवत नाही. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही, वकील लागत नाही.

जिल्हा बैठकीत या विषयाचा ठराव मांडला जाईल आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे एकत्र जायचे आहे. प्रत्येक गावच्या शाखेने आपल्या गावातली पासबुके छापून पाहावीत, विशेषतः एकट्या म्हाताऱ्या माणसांची. अंगठ्यावर पैसे गेल्याची आणि खातेदाराला ठाऊक नसलेली नोंद सापडली तर त्या तारखेची रेशनची, युरियाची, दवाखान्याची, जिनिंगच्या काट्याची, मिळेल ती पावती शोधून ठेवावी. बैठकीला येताना मूळ पासबुक आणि मूळ पावती आणावी. आधारची झेरॉक्स आणू नये. आम्ही ती मागणार नाही.